वाड्याच्या तुळया आणि गच्चीवरचं शेवाळ

*पत्र:*

"नमस्कार. आम्ही बावधनला टेरेस फ्लॅटमध्ये राहतो. चार वर्षांपूर्वी सासरचा नारायण पेठेतला वाडा पुनर्विकासाला गेला. तेव्हा सासूबाईंच्या आग्रहाखातर माडी पेलणाऱ्या सागवानी तुळया आम्ही ठेवून घेतल्या आणि त्या चिरून, फळ्या काढून टेरेसवर डेक करून घेतला. पहिली दोन वर्षं येणाऱ्या-जाणाऱ्याला कौतुकाने दाखवत होतो. आता तो राखाडी पडलाय. फटींत माती बसलीय, कडेला हिरवं शेवाळ आणि मध्ये मध्ये शाई सांडल्यासारखे काळे डाग. डाग जावेत म्हणून कामाच्या मावशींनी टॉयलेटचं ॲसिड टाकून तारेच्या घासणीने घासलं, तर ते आणखी वाढले. ऑगस्टमध्ये सासूबाई (वय 74) तुळशीला पाणी घालायला गेल्या आणि घसरल्या. उजवं मनगट मोडलं. प्लास्टर आता निघालंय, पण मिस्टर म्हणतात, दिवाळीच्या आत डेक उखडून अँटिस्किड टाइल्स टाकायच्या. तेव्हापासून सासूबाई जेवताना कुणाशी बोलत नाहीत. त्यांचं म्हणणं एकच, 'पानशेतचं पाणी पचवलंय या लाकडाने, पावसाचं काय घेऊन बसलात!' शेजारचे म्हणतात, पीयू (पॉलियुरेथेन) पॉलिशचा जाड कोट मारा, पाच वर्षं बघायला नको. कोजागरी तोंडावर आली आहे आणि दरवर्षी आम्ही दूध डेकवर बसूनच पितो. मी नेमकं काय करू?"

— एक वाचक, बावधन

ताई, सप्रेम नमस्कार.

डेकचं नंतर बघू, आधी सासूबाईंचं मनगट. उभ्या उभ्या घसरून, साध्या पडण्याने हाड मोडलं, तर या वयात हाडं ठिसूळ झालेली असण्याची शक्यता बरीच असते. प्लास्टर निघालं म्हणजे विषय संपला असं समजू नका. हाडांची घनता मोजणारी डेक्सा नावाची तपासणी असते, ती करायला हवी का, हे डॉक्टरांना जाऊन विचारा. मनगटानंतर खुब्याचं हाड मोडलेली माणसं मी जवळून पाहिली आहेत, म्हणून इतक्या आग्रहाने लिहिते आहे. तुमच्या मिस्टरांनाही हे सांगा. टाइल्स टाकल्या की आई पडणार नाही, असं त्यांना वाटतंय. पण अँटिस्किड टाइलवरही शेवाळ धरतं, आणि एकदा धरलं की तिचा खरखरीतपणा त्या थराखाली दबून जातो. ऑगस्टमध्ये पाय घसरला तो शेवाळावरून. लाकूड गेलं तरी शेवाळाची कारणं तिथेच राहतील.

आता पानशेत. सासूबाईंचं ते वाक्य मी दोनदा वाचलं. 12 जुलै 1961 ला धरण फुटलं आणि नदीकाठच्या पेठांमध्ये पाणी शिरलं, नारायण पेठ त्यातलीच. तुमच्या तुळयांनी ते पाणी पाहिलं असेल, आणि त्यातून त्या शाबूत निघाल्या हेही खरं. पण पुढे काय झालं ते बघा. पाणी ओसरलं, वाडा उघडून वाळवला गेला, आणि त्यानंतर जवळजवळ साठ वर्षं त्या तुळया छपराखाली, वारा खेळणाऱ्या जागेत कोरड्या राहिल्या. लाकूड कुजवणारी बुरशी लाकडातला ओलावा 20 टक्क्यांच्या खाली असेल तर वाढतच नाही. एका दिवसाचं पाणी कितीही भयंकर असलं तरी ते जातं आणि लाकूड पुन्हा वाळतं. बावधनच्या गच्चीवर मात्र तेच लाकूड जूनपासून सप्टेंबरपर्यंत ओलं, आणि खाली दोन-तीन इंचांच्या बंद पोकळीत माती, पानं, पाणी. वरची बाजू दोन उन्हात वाळते, खालची बाजू वाळतच नाही. तुमच्या डेकचा खरा प्रश्न हा आहे, आणि त्याचं उत्तर पॉलिशच्या डब्यात मिळणार नाही.

म्हणून माझं मत असं: डेक उखडू नका. पण नुसता वरून घासून पुन्हा वापरायलाही लागू नका. तो एकदा उघडा.

जाणत्या सुताराला बोलवा आणि कडेच्या तीन-चार फळ्या काढायला सांगा, शक्यतो पाणी निघून जायच्या जाळीजवळच्या. खाली आडव्या पट्ट्या दिसतील, ज्यांच्यावर फळ्या ठोकल्या आहेत. माझी भीती या पट्ट्यांबद्दल आहे. वर जुना साग आणि खाली जंगली लाकूड किंवा पाइनच्या स्वस्त पट्ट्या, असं काम फार ठिकाणी होतं, कारण खालचं कुणाला दिसत नाही. जुन्या सागाच्या गाभ्यात स्वतःचं तेल असतं, वाळवी आणि बुरशी त्याला सहज लागत नाही. पाइनला असं काही संरक्षण नाही. चार पावसाळे ओल्या कोब्यावर टेकून राहिलेली पाइनची पट्टी भुसभुशीत झालेली असायचीच. एक स्क्रूड्रायव्हर घ्या आणि प्रत्येक पट्टीत दोन-तीन ठिकाणी टोचून बघा, विशेषतः जिथे ती जमिनीला टेकते तिथे. टणक लागलं तर ठीक. टोक लोण्यात शिरल्यासारखं अर्धा सेंटिमीटर आत गेलं तर ती पट्टी गेली. फळ्या उत्तम आणि सांगाडा कुजलेला, असा डेक एखाद दिवशी खचतो, आणि ती घसरण्यापेक्षा वाईट गोष्ट आहे. खर्च करायचाच असेल तर तो इथे करा. सगळा सांगाडा बदलायची वेळ आली तर ॲल्युमिनियमचे चौकोनी पाइप घ्या, किंवा गॅल्व्हनाइज केलेले. त्यांच्या खाली रबराच्या किंवा प्लॅस्टिकच्या जाड चकत्या द्या, म्हणजे पाणी पाइपाला न अडता त्याखालून वाहील. सुताराला एक गोष्ट निक्षून सांगा: सांगाडा बसवण्यासाठी स्लॅबमध्ये एकही भोक पाडायचं नाही. पुण्यातल्या बहुतेक गच्च्यांवर विटांच्या तुकड्यांचा कोबा हेच वॉटरप्रूफिंग असतं. त्यात ड्रिल घातलं की पाणी खालच्या फ्लॅटच्या छतात उतरतं, आणि मग सोसायटीच्या बैठकीत तुमच्या डेकशिवाय दुसरा विषय निघत नाही.

फळ्या उघडल्याच आहेत तर चुंबकाची एक परीक्षा करून बघा. फ्रिजवर लावतात ते चुंबक स्क्रूच्या डोक्याला लावा. घट्ट चिकटलं तर स्क्रू बहुधा साध्या लोखंडाचे आहेत. बरेचदा जिप्सम बोर्डासाठीचे काळे स्क्रूच डेकला ठोकलेले असतात. ते घराच्या आत ठीक आहेत, पावसात एका वर्षात गंजतात. 304 ग्रेडच्या स्टेनलेस स्टीलला चुंबक जवळजवळ चिकटत नाही. स्क्रू बदलायचे तर तेच घ्या. किमतीतला फरक जाणवेल, पण तुमच्या काळ्या डागांची अर्धी गोष्ट या लोखंडात आहे. त्याबद्दल पुढे लिहिते.

जाळीची जागा मात्र कायमची मोकळी व्हायला हवी. तिच्यावरच्या दोन फळ्यांचा एक सुटा तुकडा करून घ्या, झाकणासारखा, हाताने उचलता येईल असा. पावसाळ्यात दर आठवड्याला तो उचलायचा, जाळीवरची पानं काढायची, खाली पाणी साठलंय का ते बघायचं. आठवड्याला म्हणते आहे त्याला कारण आहे. डेंगी पसरवणाऱ्या डासाच्या अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, आणि त्याला स्वच्छ साठलेलं पाणी लागतं. डेकखालचं वाटीभर पाणी त्याला पुरतं. महापालिकेचे कर्मचारी अळ्या शोधत सोसायट्यांमधून फिरतात, ते कुंड्यांखालच्या ताटल्या बघतात, पण तुमच्या डेकखाली कुणी डोकावणार नाही. ते तुम्हालाच करायचं आहे. फटीतून पिंपळाचं एखादं रोप डोकं वर काढत असेल तर ते वीतभर होण्याआधीच मुळासकट काढा. त्याची मुळं कोब्यात शिरली की मग ते हाताने निघत नाही.

आणि भिंतीपासून डेक चार बोटं मागे घ्या, तिन्ही बाजूंनी. फळी भिंतीला टेकली की तिथे हवा कोंडते, पानं अडकतात, शेवाळाची सुरुवात तिथूनच होते. बाहेरच्या कठड्याकडे, जिथे नैर्ऋत्येकडून येणारा पाऊस थेट मारतो, तिथली दीड-दोन फुटांची पट्टी तर लाकडाशिवायच सोडून द्या. तिथे उघडा स्लॅब राहू दे, कुंड्या तिथे मांडा, तुळशीवृंदावनही तिथेच. पाणी घालायची जागा आणि बसायची जागा वेगळी झाली की डेकवर रोज पडणारं पाणी थांबेल. सासूबाईंचा रोजचा रस्ताही बदलेल, तिकडे जायला कोरडी, टाइल लावलेली एक वाट करता येईल. मिस्टरांच्या टाइल्स तिथे लागू द्या. अर्ध्या हट्टाला अशी जागा मिळाली की बाकीचं बोलणं सोपं होतं, असा माझा अनुभव आहे.

आता धुण्याकडे येऊ. ऑक्टोबरचं ऊन या कामासाठी वर्षातलं सगळ्यात चांगलं. पाऊस गेलेला असतो, हवा कोरडी व्हायला लागते, धुतलेलं लाकूड दोन-तीन दिवसांत खणखणीत वाळतं. पण काम सकाळी लवकर करा, तापलेल्या फळ्यांवर द्रावण ओतताक्षणी वाळतं आणि डाग पडतात.

आधी कोरडा खराटा. मग पुट्टी लावायची पातळ पत्र्याची पट्टी घेऊन एकेका फटीतली माती खरवडून काढा. हे काम कंटाळवाणं आहे, गुडघे दुखतात, आणि सगळ्यात जास्त फरक यानेच पडतो. फट मोकळी म्हणजे पाणी खाली जायला वाट मोकळी. दोन फळ्यांमध्ये पाच-सहा मिलिमीटरची फट असायला हवी. कुठे फळ्या फुगून एकमेकींना चिकटल्या असतील तर सुताराकडून तिथे रंधा मारून घ्या. पारव्यांची विष्ठा असेल तर कोरडी खरवडू नका. आधी पाणी शिंपडा, मास्क लावा. तिची कोरडी धूळ फुप्फुसांना फार त्रास देते, आणि घरात ज्येष्ठ माणूस आहे.

नंतर सोडियम परकार्बोनेट. कपड्यांसाठी मिळणाऱ्या ऑक्सिजन ब्लीचच्या पावडरींमध्ये हेच असतं. सुटं हवं असेल तर रसायनं विकणाऱ्या दुकानात मागा. प्लॅस्टिकच्या बादलीत एक लिटर कोमट पाण्याला साधारण 50 ग्रॅम विरघळवा आणि लगेच वापरा. उरलेलं द्रावण बाटलीत भरून झाकण लावून ठेवू नका, त्यातून ऑक्सिजन सुटत राहतो आणि बाटली फुटू शकते. फळ्या आधी साध्या पाण्याने ओल्या करा, द्रावण पसरा, पंधरा-वीस मिनिटं थांबा. ते वाळायला लागलं तर थोडं पाणी शिंपडत राहा. मग नायलॉनच्या किंवा काथ्याच्या ब्रशने लाकडाच्या रेघांच्या दिशेने घासा. आडवं घासू नका. शेवाळ, बुरशीचे ठिपके आणि राखाडी थराचा बराचसा भाग फेसाबरोबर सुटून येईल. भरपूर पाण्याने धुवा. कुंड्या आधीच दूर हलवा, आणि पाण्याचा पाइप ज्यांच्या बाल्कनीजवळून जातो त्या खालच्या मजल्यावर आदल्या दिवशी सांगून ठेवा, म्हणजे कुणाच्या वाळत घातलेल्या साड्यांवर हे पाणी उडायला नको.

या धुण्याने लाकूड थोडं काळपट दिसतं, कारण द्रावण अल्कली आहे. घाबरू नका. किराणा दुकानातलं लिंबूसत्त्व पाण्यात घालून एक हात फिरवा आणि पुन्हा धुवा, रंग उजळेल.

प्रेशर वॉशर भाड्याने आणायचा मोह होईल, तो टाळा. त्या पाण्याच्या माराने लाकडाचे मऊ धागे निघून जातात, वर कुसळं उभी राहतात, आणि खरखरीत झालेल्या पृष्ठभागात पुढच्या वर्षी शेवाळ जास्त घट्ट बसतं. शिवाय इतकं पाणी उडवायचं कशासाठी? एवढा डेक बादली-ब्रशने एका सकाळी होतो.

काळे डाग म्हणजे बुरशी असं तुम्हाला वाटलं असेल. बरेचसे तसे नसणार. तुळया चिरताना जुने खिळे उपटून काढतात, पण मोडलेल्या खिळ्यांची टोकं आतच राहतात. लाकडात टॅनिन नावाचं तुरट द्रव्य असतं, लोखंड आणि टॅनिन पाण्यात भेटले की काळा रंग तयार होतो. पूर्वी लिहायची शाई याच मेळातून करत. तुम्ही 'शाई सांडल्यासारखे' लिहिलंत, ते किती अचूक होतं! आता तारेच्या घासणीचं बघा. तिचे बारीक तुकडे लाकडाच्या रंध्रांत रुतून बसले आणि प्रत्येक तुकडा पावसात एक नवा ठिपका झाला. टॉयलेटच्या ॲसिडने स्क्रू गंजायला मदत केली आणि खालचा सिमेंटचा कोबाही थोडा खाल्ला. मावशींना काही बोलू नका, त्यांनी फरशीला जे चालतं ते केलं. फक्त यापुढे डेकवर लोखंडी घासणी आणि ते ॲसिड येणार नाही, एवढं ठरवा.

या डागांवर उपाय ऑक्झॅलिक ॲसिड. हे विषारी आहे, म्हणून सांगते तसंच करा. हातात रबरी मोजे, डोळ्यांवर चष्मा, पावडर नाकात जाऊ न देता एक लिटर कोमट पाण्यात 30 ते 40 ग्रॅम विरघळवा. आधीचं परकार्बोनेट पूर्ण धुऊन गेलेलं असलं पाहिजे. सगळ्या डेकवर ओतू नका, फक्त डागांवर ब्रशने लावा, वीस मिनिटांनी धुवा, आणि मग पुन्हा दोनदा धुवा. डाग डोळ्यांदेखत फिका पडताना दिसतो. मात्र खिळ्याचं टोक आत असेल तर डाग परत येईल, म्हणून आधी पक्कडीने टोक काढा; निघत नसेल तर खोल ठोकून वरून सागाचीच छोटी खुंटी बसवून घ्या. उरलेली पावडर खाऊच्या किंवा मसाल्याच्या जुन्या डब्यात चुकूनही ठेवू नका, डब्यावर मोठ्या अक्षरात नाव लिहा आणि तो कुलपात टाका. आणि यातलं कुठलंही ॲसिड ब्लीचिंग पावडर किंवा बाटलीतल्या ब्लीचबरोबर एकत्र येता कामा नये. क्लोरीन वायू सुटतो, आणि बंदिस्त मोरीत तो जिवावर बेतू शकतो. मावशींनाही हे समोर बसवून समजावून सांगा, कारण बादल्या त्यांच्या हातात असतात.

शेजाऱ्यांच्या पीयू कोटाबद्दल मला ठामपणे नाही म्हणायचं आहे. आमच्या गच्चीत सागाचं एक बाक होतं, त्यावर मी एका वर्षी असाच जाड, चकचकीत थर मारून घेतला होता. मे महिन्यात काचेसारखं दिसत होतं. उन्हात लाकूड आकसतं, पावसात फुगतं, वरचा थर तितका हलत नाही, म्हणून त्याला बारीक तडे जातात. तड्यातून पाणी आत जातं, बाहेर येत नाही. दुसऱ्या पावसाळ्यानंतर पापुद्रे सुटायला लागले आणि पापुद्र्याखाली लाकूड काळं पडलं होतं. तो थर खरवडून काढायला जेवढे दिवस गेले तेवढ्यात दहा बाकं धुऊन झाली असती. शिवाय चकचकीत थर ओला झाला की काचेसारखा निसरडा होतो. तुमच्या घरात आता ते परवडणार नाही.

मग तेल? बाजारात टीक ऑइल म्हणून मिळतं ते सागापासून काढलेलं नसतं, बहुधा जवसाचं किंवा तशाच एखाद्या तेलात पातळ करणारी द्रव्यं मिसळलेली असतात. नवीन, हलक्या लाकडाच्या डेकला बाहेरच्या वापरासाठीचं, रंगद्रव्य असलेलं तेल वर्षातून एकदा देणं योग्यच आहे. तुमच्या जुन्या सागाला यंदा मी काहीच लावणार नाही. त्याच्या गाभ्याला त्याची गरज नाही, आणि साधं जवसाचं तेल तर आपल्या दमट पावसाळ्यात बुरशीला खाऊ घातल्यासारखं होतं. राखाडी रंगाचं म्हणाल तर तो आजार नव्हे. उन्हातल्या अतिनील किरणांनी लाकडाचा वरचा थर तुटतो, पाऊस तो धुऊन नेतो, आणि उरतो तो चांदीसारखा रंग. हा बदल कागदाच्या जाडीएवढा असतो. खाली तुमची तुळई तशीच तांबूस आहे, एका कोपऱ्यात 80 नंबरचा पॉलिश पेपर फिरवून बघा. सासूबाईंना तो कोपरा नक्की दाखवा.

पुढच्या वर्षी सांगाडा नीट झालेला असेल, पाणी वाहतं असेल आणि तरीही तांबूस रंग हवाच असं सगळ्यांना वाटलं, तर खुशाल तेल द्या. पाण्याचे थेंब टाकून बघा. चार-पाच मिनिटांत जिरले तर लाकूड तेल प्यायला तयार आहे. पातळ हात मारा, पंधरा-वीस मिनिटांनी वर राहिलेलं सगळं कोरड्या फडक्याने पुसून घ्या, नाहीतर चिकट थर राहतो आणि त्यात धूळ बसते. आणि ती फडकी गोळा करून कोपऱ्यात फेकू नका. जवसाच्या तेलाची चोळामोळा केलेली फडकी आपोआप तापतात आणि पेट घेऊ शकतात. पाण्याच्या बादलीत बुडवा किंवा मोकळ्या जागेत पसरून वाळवा. हे सुतारही अनेकदा विसरतात.

घसरण्याबद्दल आणखी थोडं. डेक धुतल्यावर चालायच्या वाटेवर वाळूकागदासारख्या खरखरीत चिकटपट्ट्या लावा, पायांच्या दिशेला आडव्या, वीतभर अंतराने. त्या लाकडावर सुंदर दिसत नाहीत हे मान्य, पण पावसाळा संपला की काढता येतात. दारातून बाहेर पडल्यावर पहिल्या पावलाशी हाताला धरायला एक पक्का दांडा भिंतीत बसवून घ्या, आणि तिथे चांगला उजेड करा. जून ते सप्टेंबर ओल्या डेकवर कुणीच जायचं नाही, हा नियम सगळ्यांना सारखा असू द्या, मिस्टरांनाही आणि मुलांनाही. एकट्या आजींना लागू केलेला नियम त्यांना शिक्षा वाटेल. तुळशीला पाणी त्या चार महिन्यांत कुणी घालायचं ते आपसांत ठरवा. किंवा तुळस पावसाळ्यापुरती दाराजवळच्या छज्जाखाली आणा, म्हणजे ते त्यांच्याच हातून होईल. मला हा दुसरा पर्याय जास्त आवडतो.

आणि मिस्टर. आईला जमिनीवर पडलेलं ज्याने पाहिलं, त्याला त्या फळ्यांकडे बघवत नसणार. त्यांचा राग लाकडावर निघतोय, पण मुळात ती भीती आहे. तुम्ही मध्ये उभं राहून दोघांचे निरोप पोचवत बसू नका. फळ्या उघडायच्या दिवशी त्या दोघांना तिथे बोलवा. सांगाडा चांगला निघाला तर मिस्टरांना तो स्वतःच्या डोळ्यांनी दिसेल, कुजलेला निघाला तर सासूबाईंनाही दिसेल. स्क्रूड्रायव्हर मिस्टरांच्या हातात द्या. लाकूड टणक आहे की नाही हे त्यांनी टोचून सांगितलं की घरात त्यावर पुन्हा वाद होणार नाही.

कोजागरीच्या आधी हे सगळं होणार नाही, त्याचा ताण घेऊ नका. तेवढ्यापुरतं दारापासून चार-पाच फुटांचा भाग परकार्बोनेटने धुऊन, पूर्ण वाळवून घ्या. खालच्या पट्ट्या टणक आहेत का तेवढं तिथे तपासा. हाताची खुर्ची भिंतीला लावून ठेवा, सासूबाईंना त्यात बसवा, दूध हातात द्या. बाकीच्या डेकवर त्या रात्री कुणी जाऊ नये म्हणून मध्ये कुंड्यांची रांग लावा. चंद्र दारातूनही तितकाच दिसतो.

उरलेलं काम कोजागरीनंतर आणि दिवाळीच्या आधी बसवता येईल. सुतार फळ्या काढायला लागला की प्रत्येक फळीच्या मागे खडूने आकडा घालून घ्या, नाहीतर परत बसवताना तो त्या हाताला येतील तशा ठोकेल आणि फटी जुळणार नाहीत. हे आकडे सासूबाईंकडून घालून घ्या, उजव्या हातात जोर नसेल तर डाव्या हाताने. वाड्यात झोपाळा असेल तर त्याच्या कड्यांची भोकं कुठल्यातरी फळीत सापडतील. ती कुठली, हे त्यांनाच विचारा, आणि ती फळी त्यांच्या खुर्चीपुढे बसवा.